"पडणारच आहेत" हे उत्तर नव्हे

मुलाच्या दाढेला काळा खड्डा पडलेला असतो, रात्री गालावर हात धरून ते रडत असतं, आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "दुधाचे दात आहेत बाप्पा, पडतीनच. कायले दवाखाना?" मेहकर तालुक्यातल्या जानेफळात हे वाक्य ऐकू येतं, तसंच ते खामगावात ऐकू येतं आणि पुण्याच्या सोसायट्यांमध्येही. फक्त बोली बदलते. असं म्हणणाऱ्या माणसांचा मुलावर जीव नसतो असं अजिबात नाही. नातवाला साधा ताप आला तरी रात्रभर उशाशी बसणारी हीच माणसं आहेत. त्यामुळे त्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं हा या समजुतीचा प्रतिवाद नव्हे. तिला मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्यायला हवं.

दातांच्या बाबतीत आपला हिशेब दोन्ही टोकांना चुकतो. बाळ वर्षाच्या आत असतं तेव्हा ताप, जुलाब, उलट्या, सगळ्याचं खापर आपण दातांवर फोडतो. तेच मूल पाच वर्षांचं झालं आणि खरोखर दातच दुखू लागला, की आपल्या लेखी दाताला काही किंमत उरत नाही. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. दात आपोआप येतात, आपोआप जातात, माणसानं त्यात करण्यासारखं काही नसतं, असं आपण गृहीत धरलेलं आहे. हे गृहीतकच खोटं आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

"पडणारच आहेत" असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायला हवा: कधी? बाळाचा पहिला दात साधारण ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान खालच्या जबड्यात समोर दिसतो. मागोमाग वरचे येतात. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास पहिल्या दाढा, त्यानंतर सुळे आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत शेवटच्या दाढा येऊन २० दुधाचे दात पूर्ण होतात. पडायला सुरुवात होते ती सहाव्या-सातव्या वर्षी, आणि तीही समोरच्या दातांपासून. दुधाच्या दाढांची पाळी येते साधारण १० ते १२ वर्षांच्या दरम्यान. आता चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेचा हिशेब करा. ती आपल्या आपण पडायला सहा ते आठ वर्षं आहेत. अंगणवाडीत लागलेली कीड मुलानं पाचवी-सहावीपर्यंत तोंडात वागवायची, असा त्या एका वाक्याचा अर्थ होतो. स्वतःची दाढ ठणकत असताना कोणता बाप सहा वर्षं थांबेल?

दुसरा मुद्दा कळण्यासाठी मुलाचा पडलेला दात कौलांवर फेकण्याआधी एकदा तळहातावर घेऊन बघा. वर पांढराशुभ्र मुकुट दिसतो, खाली मात्र मूळ नसतं. तळाशी खडबडीत कड असते आणि आत पोकळी. यावरूनच दुधाच्या दाताला मूळ नसतं, तो नुसता हिरडीवर टेकलेला असतो, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात त्याला मुकुटापेक्षाही लांब मूळ असतं. खालून कायमचा दात वर सरकू लागला की शरीरातल्याच पेशी हे मूळ हळूहळू झिजवत नेतात. मूळ संपत आलं की दात हलू लागतो आणि एके दिवशी भाकरीच्या घासासोबत हातात येतो. म्हणजे वरचा दात आणि खालचा दात यांचा वर्षानुवर्षांचा शेजार असतो. दाढांच्या बाबतीत तर हा शेजार फारच जवळचा. दुधाच्या दाढेची मुळं फाकलेली असतात आणि त्या फाकलेल्या मुळांच्या मधोमध, हाडाच्या आत, पुढची कायमची उपदाढ घडत असते. वरच्या दाढेची नस सडून पू झाला आणि तो मुळांमधल्या हाडात उतरला, तर तो या घडत्या दातापर्यंत पोहोचू शकतो. मग चार-पाच वर्षांनी उगवणारा नवा दात तपकिरी डागाचा, खड्ड्याखड्ड्यांचा, ठिसूळ एनॅमलचा निघतो. अशा दाताला दंतवैद्यकात टर्नरचा दात म्हणतात. "पडणारा" दात पडून गेलेला असतो, पण जाताना आपलं दुखणं न पडणाऱ्या दाताच्या अंगावर टाकून गेलेला असतो.

तिसरा मुद्दा जागेचा. एसटीच्या गर्दीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी दुधाची दाढ आपल्या खालच्या दाताची जागा धरून असते. ती वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकते आणि मोकळी जागा आक्रसत जाते. पुढे खालचा दात वर येऊ पाहतो तेव्हा त्याला वाटच नसते. मग तो आडवा-तिडवा येतो, आत किंवा बाहेर फुटतो, नाही तर हाडातच अडकून बसतो. पंधराव्या वर्षी वेड्यावाकड्या दातांना तारा लावायला हजारो रुपये मोजणारी कित्येक कुटुंबं पाचव्या वर्षी काही शे रुपयांत भरता आलेली दाढ "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. सगळे वेडेवाकडे दात यामुळेच होतात असं नाही. जबड्याची ठेवण वंशपरंपरेनंही येते. पण टाळता येण्यासारखं हे एक कारण आपल्या हातात असतं आणि आपण ते हातचं घालवतो.

चौथा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात फसगत आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या तोंडात चार नव्या दाढा येतात, दोन वर आणि दोन खाली. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, जिथे आधी काहीच नव्हतं तिथे त्या उगवतात. त्यांच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आईनं कधी पाहिलंच तर तिला वाटतं, ही दुधाचीच दाढ. ती दुधाची नसते. ती कायमची पहिली दाढ असते, आयुष्यभर भाकरी चावायची ती याच दाढेनं. तिची घडण बाळाच्या जन्माच्या सुमारास सुरू होते आणि मुकुट तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतो. ती पुरती वर यायला कित्येक महिने लागतात. त्या काळात तिच्यावर अर्धी हिरडी चढलेली असते, माथ्यावर खोल खाचा असतात आणि मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही. नेमकी याच दिवसांत ती किडते. मग दहाव्या वर्षी पालक ती काढायला घेऊन येतात आणि म्हणतात, "दुधाची आहे, काढून टाका, दुसरी येईल." दुसरी येत नाही. तिच्या जागी पुन्हा दात उगवायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही. "दुधाचे दात पडणारच" या वाक्याखाली एक कायमची दाढही खपून जाते, म्हणून ते वाक्य घातक आहे.

आता नुकसानीच्या वेगाचं बघू. दुधाच्या दाताचं एनॅमल कायमच्या दाताच्या मानानं निम्म्याच्या आसपास जाड असतं आणि आतली नस त्या मानानं मोठी, पृष्ठभागाच्या जवळ. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दाढेत जी कीड नसेपर्यंत पोचायला वर्षं घेते, ती मुलाच्या दाढेत काही महिन्यांत पोचू शकते. पुढे गाल सुजतो, ताप येतो, कधी सूज जबड्याखाली आणि गळ्याकडे पसरते. अशी सूज जिवावर बेतू शकते. २००७ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एका १२ वर्षांच्या मुलाचा जीव किडलेल्या दातातून मेंदूपर्यंत गेलेल्या संसर्गानं गेला. जगातल्या श्रीमंत देशात, मोठमोठी इस्पितळं हाकेच्या अंतरावर असताना हे घडलं. असं क्वचितच होतं, हे खरं. पण ते होऊ शकतं, हे माहीत असूनही मुलाच्या सुजलेल्या गालावर हळदीचा लेप लावून आठवडा काढणं मला मान्य नाही.

आणि रोजचं नुकसान तर उघड दिसतं. दाढ दुखणारं मूल एकाच बाजूनं चावतं. ज्वारीची भाकर, हरभरे, काकडी त्याला नकोशी होते. ते चहात बुडवलेलं बिस्कीट आणि दुधात कुस्करलेली पोळी मागतं. घरच्यांना वाटतं, पोर लाडावलंय. मऊ आणि गोड खाणं वाढलं की कीड आणखी वाढते. रात्रीची झोप मोडते, सकाळी शाळेत डोळे मिटायला लागतात आणि गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. दोनातल्या एका मुलाला जो आजार आहे, त्याला आपण आजार म्हणायलाच तयार नाही.

आता दुसरं टोक. "दात येताना जुलाब होतातच" ही समजूत आजची नाही आणि फक्त आपलीही नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात येणं हे बालकाच्या सर्व रोगांचं कारण मानलं आहे, आणि दात आले की ते रोग आपोआप शमतात, म्हणून बाळावर फार बंधनं घालू नयेत असंही सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये १८३९ साली तब्बल ५,०१६ मृत्यूंची नोंद "दात येणे" या कारणाखाली झाली होती. तिथल्या आया बाळांच्या हिरड्यांना ज्या पावडरी लावत त्यांत पारा असे, आणि त्या पाऱ्यानं आजारी पडलेली मुलं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सापडत होती. म्हणजे पूर्व असो की पश्चिम, चूक एकच झाली. दोन गोष्टी एकाच वयात घडतात, म्हणून एकीला दुसरीचं कारण ठरवलं गेलं.

सहाव्या महिन्यानंतर बाळाच्या अंगात तीन बदल जवळपास एकाच वेळी होतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचं अन्न सुरू होतं, आणि रांगणारं मूल जमिनीवरचं हाताला लागेल ते तोंडात घालू लागतं. जुलाब होतात ते यांमुळे. दात त्याच सुमारास उगवतात, एवढंच. २००० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ बाळांची रोजची नोंद ठेवून ४७५ दातांचं येणं तपासलं. दात येण्याच्या दिवसांत लाळ गळणं, चावावंसं वाटणं, हिरड्या चोळणं, चिडचिड, अंग किंचित कोमट होणं या गोष्टी वाढलेल्या दिसल्या. जुलाब, उलट्या आणि मोठा ताप यांचा दातांशी संबंध दिसला नाही.

हा वाद पुस्तकी नाही. "दाताचे जुलाब आहेत, थांबतील" म्हणून जे दोन दिवस जातात, त्याच दोन दिवसांत बाळाच्या अंगातलं पाणी संपतं, टाळू खोल जाते, लघवी कमी होते. अशा बाळाला आईचं दूध, ओआरएस आणि १४ दिवस झिंक द्यावं लागतं, आणि ते मरगळलं तर ताबडतोब दवाखान्यात न्यावं लागतं. ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते. दातांचं नाव घेऊन ती न मागणं ही गंभीर चूक आहे. तीच गोष्ट "वरचे दात आधी आले तर मामाला जड" या समजुतीची. काही बाळांना वरचे दात आधी येतात, क्वचित एखादं बाळ दात घेऊनच जन्मतं. त्यात अपशकुन नाही, मामालाही काही होत नाही. जन्मतः आलेला दात फार हलत असेल किंवा दूध पिताना इजा करत असेल तर डॉक्टरांना दाखवावा, बाकी काळजीचं कारण नाही.

आता माझ्याविरुद्ध नेहमी मांडले जाणारे दोन आक्षेप. पहिला: "आमच्या काळी कुठे होते दातांचे डॉक्टर? आजोबांचे दात ऐंशीव्या वर्षी शाबूत होते." असतीलही. पण आजोबांच्या लहानपणी पाच रुपयांचा बिस्किटपुडा नव्हता, दुकानाच्या दारात लटकणाऱ्या चॉकलेटांच्या माळा नव्हत्या, बाळाच्या तोंडात रात्रभर राहणारी साखरेच्या दुधाची बाटली नव्हती. गोडधोड सणावाराला होत असे. दातांवर चिकटलेले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल एनॅमल विरघळवतं. किती साखर खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, हे इथे जास्त महत्त्वाचं ठरतं. दर तासाला एखादं बिस्कीट चघळणाऱ्या मुलाच्या दातांना आम्लातून सावरायला उसंतच मिळत नाही. बाभळीची काडी आजोबांना पुरली, कारण त्यांचं ताट वेगळं होतं. ताट बदललं आणि दात मात्र जुन्या भरवशावर सोडले, हे चालणार नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि मी तो मनापासून मानतो: "पैसे कुठून आणायचे? जायचं कुठे?" सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून मेहकर किंवा खामगाव गाठायचं, तिथे खाजगी दवाखान्यात तीन-चार चकरा मारायच्या, हे हातावर पोट असलेल्या घराला झेपत नाही. सरकारी दंत महाविद्यालय गाठायचं तर छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांच्या डॉक्टरांचं पद नसतं. आईबापांची कुचंबणा खरी आहे. पण तिचा निष्कर्ष "मुलाच्या दातांना किंमत नाही" असा निघत नाही. तो असा निघतो की उपचार गावापर्यंत यायला हवेत, आणि ते येऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दातांसाठीच्या तीन गोष्टी घेतल्या: फ्लोराइडची टूथपेस्ट, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव आणि ग्लास आयोनोमर हे दात भरायचं सिमेंट. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड किडलेल्या भागावर छोट्या ब्रशनं नुसतं लावायचं असतं. इंजेक्शन नाही, ड्रिलचा आवाज नाही, वीज गेली तरी अडत नाही. किडलेली जागा त्यानं कायमची काळी पडते, हे पालकांना आधी सांगावं लागतं. पण कीड पुष्कळदा तिथेच थांबते. हातानं खरवडून सिमेंट भरायची पद्धत तर १९८०च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या खेड्यांसाठीच विकसित झाली. जानेफळसारख्या गावात महिन्यातून एकदा प्रशिक्षित दंतवैद्य एवढं साहित्य घेऊन आला तरी कितीतरी दाढा वाचतील.

आणि तपासणीची यंत्रणा तर आपल्याकडे आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्यातही दातांची, या कार्यक्रमात ठरलेली आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. पण कार्डावर "दात किडलेले" अशी नोंद करून मुलाला "तालुक्याला दाखवा" सांगितलं की काम संपलं असं होता कामा नये. नोंदीनंतर उपचार झाला का, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विचारलाच पाहिजे.

घरात करायच्या गोष्टीही अवघड नाहीत. पहिला दात दिसला की तो पुसायला, घासायला सुरुवात करायची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाच्या हातात असावा, कारण लहान हाताला मागच्या दाढा साफ करणं जमत नाही. रात्री घासून झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही. मिश्री तर मुलाच्या हिरडीला लावायचीच नाही. दात घासायच्या उत्पादनांत तंबाखू वापरण्यावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, आणि घरी भाजलेली तंबाखूही तंबाखूच असते. पाणी बोअरवेलचं असेल तर त्यातलं फ्लोराइड तपासून घ्यावं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते गेलं की पहिल्या सात-आठ वर्षांत घडणाऱ्या कायमच्या दातांवर डाग पडू लागतात. यवतमाळ आणि चंद्रपूरमधल्या कितीतरी गावांनी हे भोगलं आहे. आणि मूल सहा वर्षांचं झालं की उजेडात बसवून त्याचं तोंड उघडून शेवटची दाढ बघायची. ती नवी आहे का, तिच्या खाचा काळ्या पडल्यात का, हे कुठल्याही आईबापाला दिसतं. दिसलं की खाचा बुजवून घेण्यासाठी डॉक्टरांना दाखवायचं.

यातलं काहीही "पडणारच आहेत" या वाक्याला मानवणारं नाही, कारण ते वाक्य सगळ्यांनाच मोकळं करतं. पालक मोकळे, शाळा मोकळी, सरकारही मोकळं. अडकून राहतं ते मूल, दुखऱ्या दाढेसह. पहिला दात दिसल्यापासून शेवटची दुधाची दाढ पडेपर्यंत साधारण अकरा-बारा वर्षं जातात. मूल सर्वांत वेगानं वाढतं, बोलायला शिकतं, शाळेत जाऊ लागतं ते याच काळात. या सगळ्या वर्षांत त्याला नीट चावता, झोपता आणि हसता यावं, हा त्याचा हक्क आहे. पुढच्या वेळी कुणी "कायले दवाखाना" असं विचारलं तर उत्तर द्यायचं: पोराला आज दुखतंय, आणि त्या दुखऱ्या दाताखाली दुसरा दात घडतोय, म्हणून.